ताप डेंग्यूचाच असेल असे नाही

महोदय,

पावसाळ्यात ठाण्यात मुलाचा ताप उतरेना आणि प्लेटलेट घटल्या, की सर्वांच्या तोंडी डेंग्यूच येतो. माझ्या भाचीला सिस्टेमिक (सांध्यांसोबत सर्व शरीरावर परिणाम करणाऱ्या) प्रकारचा बालसंधिवात आहे (लहान मुलांना संधिवात होतो, हेच पुष्कळांना पटत नाही). गेल्या श्रावणात ती तापाने फणफणली असताना घराजवळच्या दवाखान्यात ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) ८८ वरून २२ वर आलेला पाहून ‘सूज ओसरते आहे’ असा दिलासा मिळाला. वास्तविक, मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम या, रोगप्रतिकारक पेशी बेसुमार चेतवल्या जाण्याच्या, जीवघेण्या गुंतागुंतीत रक्तातील फायब्रिनोजेन (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) खर्ची पडल्यामुळेच ईएसआर खाली येतो, आणि मूल मात्र मलूल होत जाते. तिच्या प्लेटलेट साडेपाच लाखांवरून दोन लाखांवर आल्या होत्या. पण आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसत असल्याने ती घसरण कोणाला खटकली नाही. अखेर संधिवाततज्ज्ञांनी फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) तपासल्यावर या गुंतागुंतीचे निदान झाले.

या गुंतागुंतीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत, अशा रुग्णाला ताप असताना फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असणे ही पहिली अट आहे. तिच्या जोडीला प्लेटलेट, एएसटी (यकृताच्या तपासणीतील एक एन्झाइम), ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) आणि फायब्रिनोजेन यांपैकी किमान दोन बिघडलेले असावे लागतात. फेरिटिन डेंग्यूतही वाढते, त्यामुळे डेंग्यूची तपासणी टाळावी असे मुळीच नाही. मात्र संधिवात असलेल्या मुलाच्या तापात या तपासण्या पहिल्याच दिवशी व्हाव्यात आणि आकडे छापील मर्यादेशी नव्हे, तर त्याच मुलाच्या जुन्या अहवालांशी ताडून पाहावेत, अशी शहरातील डॉक्टरांना विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे