सोमनाथच्या मामा-मावशींना, एका वाकड्या बांधाबद्दल

नमस्कार जी,

त्या वर्षी माझ्या वाट्याला आलेल्या कुदळीचा दांडा नवा होता. लाकूड अजून पांढुरकं, काचेने घासून गुळगुळीत केलेलं, आणि नेढ्यात घट्ट बसावा म्हणून वरून पाचर ठोकलेली. डोंबिवलीच्या मुलीला वाटायचं, दांडा कुदळीला असतोच. तो कोणीतरी तासावा लागतो, बसवावा लागतो, हे डोक्यातही आलं नाही. आमच्या छावणीसाठी तुम्ही कितीतरी कुदळींना दांडे बसवले असणार, तेही चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये. आमच्याकडे त्या उन्हात लोक खिडकीचे पडदेसुद्धा उघडत नाहीत. माझा दांडा कोणी बसवला ते मी विचारलं नाही. पहिले आभार त्या माणसाचे.

ही २००९ च्या मे महिन्यातली गोष्ट. बाबा आमटे जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या फलकावरचं पत्रक वाचून मैत्रिणीच्या आग्रहाने आले होते. १५ ते २२ मे, श्रमसंस्कार छावणी, सोमनाथ, तालुका मूल. नागपूरला उतरून लाल डब्याने मूलपर्यंत येईस्तोवर पाण्याच्या दोन बाटल्या संपल्या आणि उत्साहही बराचसा संपला.

ताकाची गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

आम्ही उतरलो तेव्हा एका मावशींनी स्टीलच्या पेल्यात ताक पुढे केलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पहिल्या पेरापर्यंतच होती. मी म्हणाले, ‘मला ताक चालत नाही.’ मावशी ‘बरं’ म्हणाल्या आणि माठातलं पाणी घेऊन आल्या. तेही मी हातात धरून बसले आणि त्या वळल्यावर झाडाच्या बुंध्याशी ओतलं. ४४-४५ अंशांत, कोरड्या घशाने. दोनच महिन्यांपूर्वी मी परीक्षेत ‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’वर, म्हणजे कुष्ठरोगाच्या जंतूवर, पानभर उत्तर लिहिलं होतं. हा आजार पेल्यातून, पाण्यातून, हात लागल्याने होत नाही, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसाकडून संसर्ग होणं थांबतं, हे मला पाठ होतं. गुणही बरे मिळाले होते.

मावशींनी ते बघितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, बघितलं होतं. इतक्या वर्षांत ओतलेलं पाणी त्यांच्या नजरेतून सुटत नसणार.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारला उठणं सुरू झालं. अंधारात रांगेने शेताकडे जायचं, हातात घमेली-फावडी, तोंडात गाणी. रात्री एकट्याने बाहेर पडायचं नाही, वाघाचा मुलूख आहे, हे तुम्ही इतक्या सहज सांगायचात, जशी आई खाली जाताना कचऱ्याचा डबा न्यायला सांगते. ऊन चढायच्या आत श्रमदान संपायचं. दुपारी व्याख्यानं, चर्चा, वादावादी. खोटं कशाला बोलू, निम्म्या व्याख्यानांना मी झोपले होते. वक्ते मोठे होते, पण त्यांच्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. आठवतात ते तुम्ही. छावणीच्या पत्रकावर तुमच्यातल्या कोणाचंच नाव नव्हतं.

आमच्या तुकडीवर जे मामा होते, त्यांच्या कुदळीच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. बोटं वळत नसल्याने पकड सुटू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले आणि मी बांधावर बसून रडायच्या बेतात होते. मामांनी माझा हात बघितला. हातात घेतला नाही, लांबूनच, मान वाकवून. (पहिल्या दिवसाचं ताक त्यांच्याही कानावर गेलं होतं की काय, हे तेव्हापासून मला छळतं.) म्हणाले, ‘दुखते का?’ म्हटलं, खूप. ‘मंग चांगलं आहे. माया हाताले फोड आला तं मले रातच्याले दिव्याखाली पाहावं लागते.’

पुस्तकात ‘चेतातंतूंना इजा, संवेदना नष्ट’ असं लिहिलेलं असतं, ते हे. बोटं आजाराने झडत नाहीत. तवा पोळलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळत जाते आणि बोट एकेका पेराने कमी होतं. म्हणून मामा रोज रात्री कंदिलापाशी बसून स्वतःचे हातपाय उलटेसुलटे करून तपासत. हे त्यांनी मला हवामान सांगावं तसं सांगितलं आणि माझं घमेलं उचलून चालू लागले.

चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले आणि मावशींना ताक मागितलं. त्यांनी पेला भरला, माझ्याकडे बघितलं. ‘आता चालते?’ ‘चालते.’ त्या हसल्या, बाकीच्या तिघीचौघी हसल्या, मग मीही. तेवढंच. माफी मागायचं धैर्य माझ्याकडे नव्हतं आणि त्यांना तिची वाट बघायला वेळ नव्हता. भाताची दुसरी डेग उतरवायची होती.

त्याच मावशींनी नंतर सांगितलं की चट्टे दिसल्यावर नवऱ्याने माहेरी पोचवलं आणि माहेरच्यांनी वरोऱ्याला, आनंदवनाच्या फाटकाशी. बऱ्या झाल्या, पण परत न्यायला कोणी आलं नाही. आनंदवनात बऱ्या झालेल्या अशा माणसांनी स्वतःच्या कष्टावर जगावं म्हणून १९६७ मध्ये सोमनाथची शेती उभी राहिली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. मी तुमच्याकडे आले त्या वर्षी आपल्या देशाच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं वैध कारण होतं. ते कलम २०१९ मध्ये निघालं. बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती. मी ती कापून ठेवली, मावशींना पाठवायची म्हणून, आणि पाठवली नाही. काय लिहायचं सोबत?

आता बांध.

आमच्या तुकडीला धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, वरच्या अंगाला मातीचा बांध घालायचा होता. सात दिवस आम्ही तो जीव तोडून घातला. शेवटच्या दिवशी त्यावर उभं राहून फोटो काढले, घोषणा दिल्या. माझं आणि मैत्रिणीचं परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं म्हणून आम्ही थांबलो. बाकीची पोरं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत गेलो तर मामा आणि आणखी चौघं जण तो बांध उकरत होते.

आम्ही ढेकळं तशीच रचली होती. माती पातळ थरांनी घालायची असते, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचं, मग वरचा थर. आमचा बांध बाहेरून डौलदार आणि आतून पोकळ होता. ‘पयल्या पावसात गेला असता,’ मामा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, मामा, आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलंत?

‘सांगतलं होतं ना जी, दुसऱ्या दिवशी. तुमी गाणं म्हनत होते.’

कसलाही टोमणा नव्हता त्यात. आम्ही दोघी त्या दिवशी त्यांच्यासोबत ढेकळं फोडत बसलो. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलण्यापेक्षा काम जास्त झालं. तेव्हा हिशेब लागत गेला. पावसाआधीचे हे दिवस म्हणजे शेतकऱ्याच्या घाईचे. जमीन तयार करायची, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायची तयारी करायची. नेमक्या याच दिवसांत तुम्ही शहरातली एवढी पोरं अंगावर घेता. त्यांना रांधून घालता, त्यांच्यासाठी दांडे तासता, त्यांनी मोडलेलं दुरुस्त करता. आम्ही घरी जाऊन सांगतो, ‘श्रमदान केलं’. दानाने माणूस खचतो, कामाने उभा राहतो, हे बाबांचं सूत्र. त्या हिशेबाने दान तर तुम्ही आम्हाला दिलंत आणि आम्ही खचलोही नाही, कारण कळलंच नाही.

मी मामांना विचारलं, मग दरवर्षी कशाला बोलावता? त्यांनी धुम्मस खाली ठेवलं, टॉवेलने मान पुसली. ‘तुमी येता तं गाव भरते. आमच्या घरून तं कोनी येत नाही.’ आणि परत ठोकायला लागले.

हे पत्र आत्ता लिहिण्याचं कारण म्हणजे माझा भाचा. एकोणीस वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. यंदा त्याला छावणीला यायचं आहे. परवा त्याने विचारलं, मावशी, काय काय नेऊ? टोपी, टॉर्च, सुती कपडे, असं सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी सोमनाथबद्दल शंभर जणांना सांगितलं आणि सोमनाथला मात्र एक पोस्टकार्डही टाकलं नाही.

तेव्हा आभार. दांड्याबद्दल, डेगीतल्या भाताबद्दल, रोज पहाटे आमच्या आधी उठल्याबद्दल. माझा हात लांबून बघितल्याबद्दलही. त्याची लाज माझी आहे, तुमची नाही. ते मामा आणि त्या मावशी अजून असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा. नसतील, तर ज्यांच्या हातात आता ती कुदळ आणि ती डेग आहे, त्यांना.

भाच्याची एक तक्रार आत्ताच सांगून ठेवते, तो सकाळी लवकर उठत नाही. गाणं मात्र छान म्हणतो, तेव्हा जरा सांभाळून. ढेकळं फोडायची असतात हे त्याला सांगितलंय. आणि उतरल्याबरोबर ताक देतील, ते उभ्या उभ्या पिऊन टाक, असंही.

तुमची,
छावणीतली एक पोट्टी