वाणसामानाची अर्धी यादी कोपऱ्यावरच्या दुकानाला

महोदय,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले किराणा दुकान गेल्या महिन्यात कायमचे बंद झाले. मागील काही वर्षांत आमच्या इमारतींमधील बहुतेक कुटुंबांनी महिन्याचे वाणसामान सुपरमार्केटमधून भरायला सुरुवात केली होती आणि या दुकानाच्या वाट्याला उरली होती ती केवळ अडीनडीची खरेदी: रात्री संपलेले दूध, अचानक पाहुणे आले म्हणून लागणारी साखर, एखादी काडेपेटी. एवढ्या विक्रीवर गाळ्याचे भाडे निघत नाही. दुकान तगते ते पहिल्या आठवड्यात येणाऱ्या मोठ्या याद्यांवर. माझी यादीही मी फिरवली होती, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सुपरमार्केट स्वस्त पडते, हे खरेच आहे. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले आणि पुढे अशा दुकानांमुळे साबण, बिस्किटे, तेल छापील किमतीपेक्षा कमी दराने घेण्याची सवय आपल्याला लागली. कंपनीकडून गाड्या भरभरून माल उचलायचा, त्याचे पैसे लवकर चुकते करायचे आणि मिळालेली सूट गिऱ्हाइकाला द्यायची, हे ज्याला जमते त्याच्याशी वाशीच्या बाजारातून चार पोती उधारीवर आणणारा दुकानदार भावात बरोबरी करू शकत नाही. धान्य आणि कडधान्यांचा हिशेब मात्र निराळा आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. दोन्हीकडची तूरडाळ शेजारी ठेवून मी किलोचा भाव काढला, तेव्हा फरक तीन रुपयांचा निघाला, आणि सुपरमार्केटला जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे झाले होते ऐंशी रुपये.

आमचे दुकान बंद झाल्याने माझी फारशी गैरसोय झालेली नाही. ती झाली आहे आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंची. पाव किलो डाळ, अर्धा किलो तांदूळ, दहा रुपयांची चहापावडर अशी त्यांची रोजची खरेदी असे. दुकानदार ती लांबट वहीत मांडून ठेवी आणि सात तारखेला आमच्याकडून पगार मिळाला की त्या जाऊन आकडा मिटवीत. या उधारीवर त्याने कधी व्याज घेतले नाही. सुपरमार्केटमध्ये एवढे लहान पाकीट क्वचितच मिळते आणि उधारी तर नाहीच. २०२० च्या टाळेबंदीत अर्धे शटर उघडून, दोरी बांधून, आमच्या याद्यांचे सामान जिन्याखाली आणून ठेवणारा हाच माणूस होता, हे आम्ही सगळे किती लवकर विसरलो, याची मला मनापासून खंत वाटते.

दुकानदारांनीही काही गोष्टी मनावर घ्यायला हव्यात. बिल मागितले की कपाळाला आठ्या पडतात, सुट्या मालाचे भाव फळ्यावर लिहिलेले नसतात, वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात दिसत नाही. तरुण गिऱ्हाईक दुरावते त्यामागे स्वस्ताईइतकाच हा अविश्वासही आहे. शिवाय भावाच्या प्रश्नावर आपल्याकडे जुना उपाय आहे. नायगावात १९४८ मध्ये गिरणी कामगारांनी ‘अपना बाजार’ उभा केला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घराघरांचे गट करून महिन्याच्या याद्या एकत्र केल्या आणि माल घाऊक भावाने आणला. ग्राहकांना जे जमले ते एका प्रभागातील दहा-बारा दुकानदारांना का जमू नये? तेल, साखर आणि साबणाची खरेदी त्यांनी एकत्र केली, तर निदान या वस्तूंच्या भावातली तफावत बरीच कमी होईल.

पुढच्या चौकातील दुकान अजून चालू आहे. या महिन्यापासून तांदूळ, डाळी, पोहे, रवा, गूळ आणि शेंगदाणे यांची यादी मी तेथे देते, बिल मागून घेते आणि तेलाचा डबा व साबण तेवढे सुपरमार्केटमधून आणते. आमच्या मजल्यावरील आणखी तीन घरांनी तसेच करायचे ठरवले आहे.

– एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)