डिसेंबरचं स्कीइंग विकताना खरं सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी झाली की आपल्या सातारच्या पेपरात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर काश्मीरच्या जाहिराती सुरू होतात, त्यात आता 'गुलमर्गला स्कीइंग शिका, बर्फाची गॅरंटी' असं पण असतं आणि तारीख असते डिसेंबरचा पहिला नाहीतर दुसरा आठवडा. मागे एका डिसेंबरात आम्ही अशाच टूरला जाऊन आलोय म्हणून हे पत्र लिहितेय.

टूरवाला सातारचाच, नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाहीये पण त्याने आम्हाला खरं सांगितलं नाही. आम्ही दोन घरची माणसं, माझी भिशी लागली होती ते पैसे आणि ह्यांचा थोडा बोनस घातला, पुण्याहून झेलमने दोन रात्री काढून जम्मू आणि तिथून पुढे गाडीने. लेक नववीत, पुढच्या वर्षी दहावी म्हणजे कुठे जाता येणार नाही, म्हणून हट्टाने याच वर्षी. ती महिनाभर रोज संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात चालायला जायची, पायात ताकद पाहिजे म्हणून.

गुलमर्गला पोचलो तर वरती अफरवटचा डोंगर पांढरा आणि खाली जिथे नवशिक्यांना शिकवतात तो उतार म्हणजे चार बोटं बर्फ आणि मधेमधे पिवळं गवत दिसतंय. गंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, चालू होता, दुसऱ्या टप्प्याने जवळजवळ ३९५० मीटरवर जाता येतं आणि तिथे बर्फ होता, पण तो उतार नवख्यांचा नाही, खडा आहे आणि हिमस्खलनाची भीती. म्हणजे ज्यांना येतं त्यांच्यासाठी वरती थोडंफार होतं, आमच्यासारख्यांसाठी खाली काही नाही, आणि जाहिरात मात्र आमच्यासारख्यांसाठीच केलेली.

तिथला शिकवणारा माणूस पन्नाशीचा, त्याने उताराकडे बघून सरळ सांगितलं, "बहनजी, बर्फ अभी कच्चा है, आठ-दस दिन बाद आते तो शायद..." पण आमच्या टूरच्या माणसाला प्रोग्रॅम पुरा करायचा होता, पैसे घेतलेले ना. मग पोरांना ते जड बूट घातले, ते बूट कसले असतात ते ज्याने घातलेत त्यालाच माहीत, घोटा अजिबात वाकत नाही, नडगीवर दाब येतो, चालताना बदकासारखं चालावं लागतं. टाचा बाहेर, टोकं जवळ अशी स्की, म्हणजे बुटांखाली अडकवलेल्या त्या लांब पट्ट्या, धरून हळूहळू खाली यायचं, लेक तिसऱ्यांदा येत असताना करर्र असा आवाज आला, बर्फाखालच्या दगडावर स्कीची लोखंडी कड घासली आणि ती तोंडावर पडली. बूट स्कीतून सुटला म्हणून पाय वाचला, तो पडल्यावर सुटावा म्हणूनच तसा बसवलेला असतो, तरी गुडघा मुरगळून सुजलाच. स्लेजवाल्याने ओढत आणली तिला. भाड्याच्या दुकानातल्या पोराने स्की उलटी करून बाहीने पुसली आणि आम्हाला दाखवली, खालून लांबलचक ओरखडा, त्यात माती आणि गवताची एक काडी अडकलेली.

ती काडी बघून मला आपलं कासचं फुलांचं पठार आठवलं. गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण, नावातच आहे, उन्हाळ्यात तो सगळा उतार फुलांचा असतो म्हणे. बर्फ हातभर असला तर खालच्या मुळांना काही होत नाही पण चार बोटं बर्फावरून शंभर माणसं स्की घासत गेली तर ते कुरण सोलून निघणारच. आपल्या कासला कातळावर मातीचा थर किती पातळ आहे ते आपण जाणतो, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत आल्यावर गर्दी वाढली, पाय पडून पडून कशी वाट लागते तेही बघितलंय. आणि जूनमध्ये कुणी पुण्या-मुंबईचा पाहुणा आला नि फुलं कुठायत म्हणाला तर आपण त्याला सांगतो, बाबा सप्टेंबरात ये, तेव्हा सोनकी आणि तेरडा बघ. कुणी सातारकर जूनच्या फुलांची गॅरंटी देतो का हो? मग हिमालयाच्या बर्फाची कशी देता?

आमच्या ड्रायव्हरने सांगितलं की त्यांच्याकडे २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, कडक थंडी, मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि १० दिवस चिल्लई बच्चा. आपल्याकडे मृग-आर्द्रा तसंच ते. आणि बर्फ काय तारीख बघून पडत नाही, भूमध्य समुद्राकडून ते वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वादळं, आले तर पडतो, नाही आले तर नाही, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, सगळ्यांनी फोटो बघितलेत. २०२५ ला तर खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत होत्या त्या बर्फ कमी म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. देशाच्या स्पर्धेला फेब्रुवारीत बर्फ मिळाला नाही तिथे आपला टूरवाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची गॅरंटी देतो.

डिसेंबर का विकतात ते मला कळतं, नंतर मुलांच्या परीक्षा, आईबापांना सुट्टी नाही. जाऊ नका असं मी म्हणतच नाही, काश्मीर डिसेंबरातही सुंदरच आहे, माणसं फार चांगली, त्या शिकवणाऱ्या काकांनी दुसऱ्या दिवशीची फी घेतली नाही, खोलीवर येऊन लेकीचा गुडघा बघून गेले. पण जाहिरातीत लिहा की या तारखांना खालच्या उतारावर बर्फ नसूही शकतो, स्कीइंगचे पैसे वेगळे धरा आणि झालं नाही तर परत द्या, आणि तिथला माणूस कच्चा आहे म्हणाला तर पोरांना उतारावर घालू नका. आम्हाला एक रुपया परत मिळाला नाही, उलट 'निसर्गापुढे काय करणार ताई' हे ऐकून घेतलं.

संपादकसाहेब, तुमच्याही पेपरात या जाहिराती येतात, म्हणून तुमच्याकडेच मागणं आहे, 'बर्फाची गॅरंटी' हे शब्द असलेली जाहिरात घेताना एकदा विचारा त्यांना कशाच्या जोरावर. दिवाळीनंतर बुकिंग सुरू होईल, त्याच्या आधी पत्र छापलंत तर उपकार होतील.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा