नवशिक्यांच्या गटाचे नियम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रिमोटच्या गाड्यांच्या रेससाठी केलेला तुझा मसुदा मिळाला. चार पानं! नवशिक्या गटाचे नियम वाचायलाच शिकवणी लावावी लागली तर पोरं सड्यावरच्या आपल्या ट्रॅकवर गाडी घेऊन येतील कशाला?

ब्रशलेस, म्हणजे आत ब्रश नसलेल्या महागड्या मोटरींवर बंदी घातली की गट आपोआप स्वस्त राहील, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. घोळ त्या स्वस्त मोटरीतच आहे. 540 साइजच्या साध्या ब्रशवाल्या मोटरी एकाच खोक्यातल्या असल्या तरी सारख्या पळत नाहीत. मग खिसा गरम असलेला डझनभर घेतो, प्रत्येकीचे आरपीएम मोजतो, सगळ्यात चपळ ती ठेवतो. कोणी मोटर पाण्यात फिरवून आतले ब्रश घासून नीट बसवून घेतो. कागदावर सगळं नियमात, आणि आठवीतला पोरगा मात्र सरळ पट्टा आला की मागे.

म्हणून मोटरी क्लबच्याच असाव्यात. रेसच्या सकाळी चिठ्ठी टाकून वाटायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. पिनियन, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरचा छोटा गिअर, आपणच आधी बसवून द्यायचा, म्हणजे गिअरिंगचा वाद मिटला; मोठा गिअर गाडीच्या किटमधला तोच. पोरांनी फक्त दोन स्क्रू आवळायचे. दोन गिअरांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर सरकवायची, स्क्रू आवळायचे, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. तिच्यावर दातांच्या घड्या उमटल्या पण ती फाटली नाही, की जमलं. हे एकदा हाताने केलं की पोराला गाडी आपली वाटायला लागते. टायर किटमधलेच.

बेअरिंगला मात्र तू उगाच काट मारलीस. किटमधले बुश, म्हणजे बेअरिंगच्या जागी येणाऱ्या साध्या कड्या, आपल्याकडच्या तांबड्या धुळीत आणि खाऱ्या वाऱ्यात तग धरत नाहीत. रबर सीलची बेअरिंग सगळ्यांना चालू दे, तो काही चैनीचा खर्च नाही.

बॅटरी टू-सेल लायपो (लिथियम पॉलिमर), कडक कवचाची, म्हणजे हार्ड केसचीच. रेसआधी मल्टीमीटर लावायचा, 8.4 व्होल्टच्या वर काटा गेला तर गाडी बाहेर. चार्जिंग गाडीतून बॅटरी काढून, आग रोखणाऱ्या लायपो बॅगेत आणि उघड्या कातळावरच. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत कसं कडकडीत वाळतं ते तुला सांगायला नको. खालच्या अंगाला लोकांच्या कलमांच्या बागा आहेत. वणवा लागला तर ट्रॅक राहू दे, गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. हा नियम एक नंबरला घे.

आता खरं दुखणं. तुझ्या चार पानांत गाडीबद्दल सगळं आहे, चालवणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. नवशिक्या गट वेगवान गाड्यांनी जेवढा बिघडत नाही तेवढा मुरलेल्या गड्यांनी बिघडतो. कोण ते नावानिशी लिहीत नाही, तुला ठाऊक आहेत. दरवर्षी ‘माझी गाडी साधीच आहे’ म्हणत खाली उतरतात आणि ट्रॉफी घेऊन जातात. दोनदा पहिला आला की वरच्या गटात, आणि पुन्हा खाली यायचं नाही. त्यांना हौसच असेल तर सकाळच्या सरावाला पोरांच्या शेजारी उभं राहून शिकवू देत. ट्रॅक्सस कंपनीच्या एक्सएल-5 सारख्या स्पीड कंट्रोलरला, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या डबीला, ट्रेनिंग मोड असतो, त्यात गाडी निम्म्याच ताकदीने पळते. तो कसा लावायचा एवढं दाखवलं तरी पहिल्या वळणावरचे निम्मे बंपर वाचतील.

कुणाला राग आला तर माझं नाव सांग. एका पानात बसवून परत पाठव, तोवर मी मोटरींचा भाव काढतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
भाई