संत्या, तुझ्या ब्रेकच्या शिट्टीबद्दल

कोल्हापूर, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय संत्या,

तुझा व्हॉइस मेसेज परवा ऐकला. सव्वा मिनिटाचा, आणि त्यातला मिनिटभर तू बोलतच नाहीस, नुसता ब्रेकचा आवाज. फोन स्पीकरवर होता, तर आतनं बायको ओरडली, कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिला काय रे कुणी? मी म्हटलं नाही, संत्यानं माझ्यासारखीच फोक्सवॅगन पोलो घेतलीय. मोबाईलवर उत्तर टाईप करायला बसलो तर अर्ध्यातच अंगठा गेला, म्हणून आता लॅपटॉपवर नीट लिहितोय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी एक सांग, आवाज शिट्टीसारखा बारीक आहे की घर्रर्र असा घासल्यासारखा? तुझ्या मेसेजमध्ये मला तरी शिट्टीच ऐकू आली. शिट्टी असली तर निवांत राहा, कानाला त्रास आहे, जिवाला नाही. पण घर्रर्र असेल आणि पायाला पेडलमध्ये खरखर लागत असेल तर गाडी आहे तिथंच उभी कर, कारण मग डिस्क (चाकाबरोबर फिरणारी थाळी) दाबून धरणारा ब्रेकचा पॅड संपलाय आणि मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासतीय. चाकाच्या जाळीतनं मोबाईलचा टॉर्च मारून बघ, बाहेरच्या पॅडवर मसाला, म्हणजे घासणारा थर, किती उरलाय ते दिसतं. आतला पॅड मात्र तिथनं दिसत नाही, आणि बऱ्याचदा तोच आधी संपलेला असतो, तेव्हा बाहेरचा बघून खूश होऊ नकोस.

आता माझी कहाणी ऐक, कारण तुझ्या गाडीत पण हेच असणार अशी मला नव्वद टक्के शंका आहे.

गेल्या वर्षी मी कोईमतूरला करी मोटर स्पीडवेला गेलेलो तुला माहीत आहे. २.१ किलोमीटरचा रेसचा ट्रॅक, आपल्या इथनं हजारेक किलोमीटर, गाडी चालवतच गेलो. कंपनीचेच साधे पॅड होते. पहिले तीन लॅप एकदम नाद खुळा, चौथ्याला सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी थांबायचं नाव नाही! पोटात गोळाच आला. कसंबसं वळलो आणि सरळ पिटमध्ये. नंतर हिशोब केला, फौंड्रीतली सवय, आकडा काढल्याशिवाय झोप येत नाही. गाडी अधिक मी मिळून १२०० किलो धर, १४० वरनं ७० वर आणायचं म्हणजे साधारण ६८० किलोज्यूल उष्णता. दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला एवढीच लागते. म्हणजे प्रत्येक मोठ्या वळणाला तू दोन लिटर पाणी उकळतोयस, आणि तेही तीन-चार सेकंदांत, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या दोन डिस्कवर. साध्या पॅडमधला मसाला धरून ठेवणारा रेझिन जळतो, त्याचा वायू सुटतो, आणि पॅड डिस्कवर नुसता सरकतो. पेडल घट्ट राहून गाडी थांबत नसेल तर पॅड गेला. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेकचं ऑइल उकळलं. हे दोन वेगळे आजार आहेत, लोक दोन्हीला एकच औषध देतात.

घरी आल्यावर हौसेनं ट्रॅकचे पॅड मागवले. त्यात धातू जास्त, मसाला कडक, गरम झाल्यावरच खरी पकड. पुढच्या खेपेला ट्रॅकवर एक नंबर चालले, तक्रार नाही. मग मी काय केलं, आळस. म्हटलं परत कोण बदलत बसणार, राहू देत हेच. तर भावा, कोल्हापूर ते शिरोली एमआयडीसी रोजचं येणंजाणं, त्यात ते पॅड गरम कधी होणारच नाहीत. सकाळी पहिला ब्रेक लाकडासारखा, पकडच नाही, आणि आवाज असा की गंगावेशीत दूध कट्ट्यावर गाडी थांबवली तर म्हशी दचकल्या. धारा काढणाऱ्या मामांनी माझ्याकडं असं बघितलं की अर्धा लिटर पिऊन गप निघालो. चाकांवर लालसर धूळ बसायची, ती पावसात गंजून अलॉयला अशी चिकटली की नखानं पण निघेना.

शेवटी साधे पॅड परत घालायचे ठरवले आणि वेळ नव्हता म्हणून एका गॅरेजला दिली गाडी. नाव सांगत नाही, पोरं चांगली आहेत. नवे पॅड घातले, दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत शिट्टी. परत गेलो, त्यांनी डिस्क लेथवर फिरवून घेतली, पॅडच्या पाठीला लाल ग्रीसचा लेप दिला, पैसे घेतले. चार दिवस शांत. मग परत. आई म्हणायला लागली, आला बघ रेल्वे इंजिन.

आता आवाज नेमका येतो कुठनं? शाळेत पाटीवर खडू आठवतो का, उभा धरून ओढला की किंचाळायचा, आडवा केला की गप. पॅड डिस्कवर असाच अडकतो-सुटतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क ताटासारखी वाजायला लागते. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची, म्हणजे बिडाची, करतात ते उगाच नाही. आपण रोज जे ओततो ना, त्यात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात, त्या कंप गिळतात. स्टीलच्या सळईवर हातोडा मारला की टणटण वाजते आणि ग्रे आयर्नच्या तुकड्यावर मारला की थप्प, तो फरक तुला ठाऊक आहे. पण डिस्क किती गिळणार? पॅड नीट बसलाच नसेल आणि थरथरायला मोकळा असेल तर ती पण वाजणारच. माझं मत झालंय की साध्या पॅडच्या गाडीत शिट्टी मसाल्यातनं कमी आणि पॅडच्या बैठकीतनं जास्त येते.

तर एका रविवारी मी स्वतःच उघडायचं ठरवलं. पोलोला चाकाला नट नाहीत, बोल्ट असतात, १७ चा पाना. ते काढलं. मग कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, दोन पिना, मागनं प्लॅस्टिकची टोपणं काढली की आत ॲलन की लागते, आणि ती ७ ची. इथंच माझी सकाळ गेली. घरच्या सेटमध्ये ६ आहे, ८ आहे, ७ नाही. लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरलो, दोघांनी सांगितलं सातची कुणी घेतच नाही, तिसऱ्यानं धूळ झटकून एक काढून दिली. तू आधीच घेऊन ठेव. आणि ६ घालून जुगाड करू नकोस, पिनेचं तोंड गोल झालं की मग वेल्डिंगवाल्याकडं जायची वेळ येते.

बाहेरची मोठी तारेची क्लिप स्क्रू ड्रायव्हरनं काढताना उडते, तोंड बाजूला ठेव. कॅलिपर सुटला की तो ब्रेकच्या पाईपवर लोंबकळू द्यायचा नाही, मी जुन्या बुटाची लेस घेऊन स्प्रिंगला बांधला. मग बाहेरचा पॅड ओढला आणि उलटा करून बघितला, तर काय सांगू तुला. त्या पॅडच्या पाठीला कंपनीनं डिंक लावलेला असतो, म्हणजे तो कॅलिपरला चिकटून एकजीव व्हावा आणि थरथरू नये. त्या डिंकावर पातळ कागद असतो, स्टिकरच्या मागं असतो तसा. तो कागद काढलाच नव्हता! तसाच आत, अर्धा जळून तपकिरी, एका कोपऱ्यात बोटभर पापुद्रा सुटलेला, आणि त्याच्यावर दिलेला लाल ग्रीस. मी तिथंच फरशीवर बसून हसलो. लेथचे पैसे, ग्रीसचे पैसे, आणि दुखणं काय तर न सोललेला स्टिकर.

अर्थात तेवढंच नव्हतं. पॅडचे दोन कान ज्या खाचांत सरकतात तिथं गंजाचा थर जमला होता, पॅड हातानं सरकत नव्हता, हातोडीनं ठोकून बसवल्यासारखा. असा अडकलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागं येत नाही, घासत राहतो, एका बाजूनं जास्त झिजतो आणि वाकडा टेकला की गातो. तारेच्या ब्रशनं आणि बारीक कानसीनं खाच चमकेपर्यंत घासली. पॅडचे कान पण. शेवटी पॅड दोन बोटांनी सरकायला लागला. एवढंच बघायचं, दोन बोटांनी सरकला पाहिजे, आणि तरी खुळखुळ हलता कामा नये. मग कानांवर सिरॅमिक पेस्टचा पुसटसा हात, नखावर मावेल एवढी. डिंकवाल्या पाठीवर काही नाही, मसाल्यावर तर अजिबात नाही. पिना स्वच्छ पुसून कोरड्याच घातल्या, त्या रबरी बुशमधनं सरकतात, आणि साधं ग्रीस लागलं की ते रबर फुगतं आणि पिन अडकते. गॅरेजमध्ये 'सगळीकडं थोडं ग्रीस मारूया' म्हणणारा भेटला की हात धर त्याचा.

डिस्कचं पण एक आहे. ट्रॅकचा पॅड डिस्कवर स्वतःचा एक थर सोडतो. त्यावर साधा पॅड घातला की दोघांचं पटत नाही, नव्या सुनेसारखं, काही दिवस कुरबुर चालतेच. १२० चा पॉलिश पेपर घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजू आडव्यातिडव्या घासल्या आणि ब्रेक क्लीनरनं धुतल्या. मास्क लाव, आणि ती धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नकोस, फडकं ओलं करून पूस. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, व्हर्नियर लावून बघ. तुझी गाडी सेकंडहँड, आधीच्यानं किती वेळा लेथवर चढवलीय देव जाणे.

नवे पॅड जाड असतात म्हणून कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन आत ढकलावा लागतो, तेव्हा बॉनेटखालच्या डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं. सांडलं तर लगेच पाणी मार, रंग खातं ते. आणि आता माझा गाढवपणा ऐक. सगळं बसवलं, चाक लावलं, बोल्ट टॉर्क रेंचनं १२० न्यूटन मीटरला आवळले, हात धुतले, एकदम इंजिनिअर साहेब. गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला, ब्रेक दाबला, तर पाय थेट खाली! पिस्टन आत ढकललेला ना, पेडल पंप करायचं विसरलो. हँडब्रेक ओढला म्हणून शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा वाचली, मध्ये वीतभर अंतर होतं. तेव्हा गाडी जागची हलायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, हे हातावर पेननं लिहून ठेव पाहिजे तर.

नंतर नवे पॅड डिस्कवर रुळवायचे. पहाटे पाचला मोकळा रस्ता बघून गेलो, मागं कुणी नाही ना ते बघत ८० वरनं ३० पर्यंत बऱ्यापैकी जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मग दहा-बारा किलोमीटर ब्रेकला हात न लावता गार करत घरी. हात म्हणजे पाय. गरम ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहिलास तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, डाग पडलेला असतो. ट्रॅकवरनं आत आल्यावर पण हँडब्रेक ओढायचा नाही, गियरमध्ये ठेवून चाकाला वीट लाव.

तू विचारलंस ट्रॅकचेच पॅड कायमचे टाकू का. नको. दोन सेट ठेव, जमलं तर डिस्कचे पण दोन सेट ठेव, म्हणजे घासाघाशी वाचते. ट्रॅकला जायच्या आधी घरीच घाल आणि आल्यावर त्याच आठवड्यात काढ, माझ्यासारखा आळस करू नकोस. आणि ट्रॅकच्या पॅडचा आवाज घालवायच्या मागं लागू नकोस, तो ओरडतोच, हेल्मेटमध्ये तसाही ऐकू येत नाही. फार तर त्याच्या पुढच्या कडेला कानसीनं थोडी तिरकी धार काढ, आडव्या खडूचाच प्रकार. पण पॅडात चरे पाडणं, पाठीला चार थर शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) चिकटवणं असले उद्योग नकोत, ट्रॅकच्या उष्णतेत शिमचा डिंक वितळून शिमच बाहेर येते, मी बघितलंय.

ब्रेक ऑइल मात्र बदलच. डॉट म्हणजे त्याचा दर्जा. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला, पण पाणी शोषल्यावर डॉट ४ पण १५५ वर येतं. तुझ्या गाडीतलं कधी बदललंय विचार, विकणारा 'आत्ताच' म्हणाला असेल तर नक्की बदल. फक्त नुसतं डॉट ५ आणू नकोस, ते सिलिकॉनचं, आपल्या सिस्टीमचं नाही.

माझी गाडी आता शांत आहे. पूर्ण नाही, पावसाळी सकाळी पहिल्या दोन ब्रेकला कुंई करते आणि गप होते, ती ओल आणि रात्रीत धरलेला गंज, त्याला मी काही करणार नाही. कालच गंगावेशीत गेलो होतो, मामांनी विचारलं, गाडी बदलली काय?

पुढच्या शनिवारी ये पुण्याहून. दुपारपर्यंत दोन्ही पुढची चाकं उघडून होतील, संध्याकाळी मटण घरीच आहे. जॅक स्टँड माझ्याकडं आहेत, तू फक्त ब्रेक क्लीनरचे दोन डबे आणि जुने बनियन आण. आणि हो, ७ ची ॲलन की पण आण, माझी धाकट्यानं कुठंतरी अंगणात पेरलीय.

तुझा,
बाळ्या