पीएच नऊचं पाणी आणि चुन्याचं पोतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘अल्कलाइन पाण्या’चं यंत्र विकायला दोन तरुण आले होते. चहा-बिस्किटं त्यांचीच, त्यामुळे गर्दी बरी होती. टेबलावर तीन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, एकात आरओचं, तिसऱ्यात त्यांच्या यंत्राचं. आम्लतेप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाचे बाटलीतून प्रत्येकात तीन-तीन थेंब सोडले. नळाचं हिरवट झालं, यंत्राचं निळं आणि आरओचं पिवळं. “बघा, तुम्ही रोज अ‍ॅसिड पिताय!” मागच्या रांगेतून ‘अगं बाई’ ऐकू आलं. त्या आमच्या शेजारच्या काकू, वय ७४. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताक आणि लिंबू बंद केलं. म्हणून हे पत्र.

मी काही रसायनशास्त्राचा प्राध्यापक नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात २६ वर्षं ईटीपीवर, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटवर, ऑपरेटर होतो. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा (सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कली), मी शिकलो तो चुन्याच्या पोत्यातून.

प्लांटमधून येणारं पाणी कधी कधी पीएच २ चं असे. बाहेर सोडताना ते ५.५ ते ९ मध्ये बसायला हवं. पहिल्याच रात्रपाळीत पोत्यामागून पोतं चुना ओतला, तरी काटा दोनावरून तिनाकडे सरकेना. मला वाटलं मीटर गेलं. शिफ्ट इनचार्ज म्हणाले, “दम धर, पुढे तुलाच पळता भुई थोडी होईल.” तसंच झालं. दोनाचे तीन व्हायला जेवढा चुना खाल्ला, त्याच्या दहाव्या हिश्शात तिनाचे चार झाले, आणि त्याच्याही दहाव्या हिश्शात चाराचे पाच. तिथून पुढे पोतं बाजूला ठेवून मगाने टाकायचं असतं. मी सवयीने अर्धं पोतं उपडं केलं आणि काटा थेट अकरावर! मग रात्री दोन वाजता उलटं अ‍ॅसिड सोडून तो खाली आणत बसलो.

या मापाची बांधणीच तशी आहे. सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवालेच) ते बसवलं. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं, म्हणजे आम्लपणा आणणाऱ्या कणांचं, प्रमाण दहाच्या घातात लिहायचं आणि उणे चिन्ह सोडून नुसता घात वाचायचा. ७ म्हणजे एका लिटरमध्ये मोलचा (रसायनात पदार्थ मोजायचं एकक) एक कोटीवा हिस्सा. आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट चढते.

आता आरओचं पाणी पिवळं का झालं ते सांगतो. पडद्यावर क्षार अडतात, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरपार जातो. त्याला तोलून धरणारा बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल जिरवणारा क्षार, मागे राहिला की पीएच सहाच्या आसपास उतरतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे आणि आरओ कधी कधी त्याच्या खाली जातं, हे कबूल. पण पावसाचं स्वच्छ पाणीसुद्धा ५.६ च्या आसपास असतं, ताक साडेचारच्या आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या. त्या पोरांच्या हिशेबाने सोलकढी पिणारा कोकणी माणूस केव्हाच विरघळायला हवा होता.

आणि त्यांचं ते पीएच ९? २०० मिलिलिटरच्या ग्लासात ९ ला हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्ल मारणारा भाग, असतो ०.००२ मिलिमोल. पोटातलं आम्ल पीएच २ चं धरलं, तर तेवढ्याने त्याचे ०.२ मिलिलिटर मरतात, म्हणजे चारेक थेंब. नळाच्या साध्या पाण्यातला बायकार्बोनेट एरवीही त्याच्या कितीतरी पट आम्ल जिरवतो, पण मीटरवर तो बिचारा साडेसातच दिसतो. काटा नऊवर आहे एवढंच पीएच सांगतो. त्याच्यामागे पोतं आहे की चिमूट, ते सांगत नाही. सगळी विक्री या फटीतून चालते.

मी घरून लिंबाची फोड आणली आणि निळ्या ग्लासात चार-पाच थेंब पिळले. निळं गेलं, पिवळट आलं. तरुण म्हणाला, “काका, ही चीटिंग आहे.” मग मी त्याचा पेनसारखा मीटर मागितला. टोपणात टिपूसही पाणी नव्हतं, इलेक्ट्रोड ठणठणीत कोरडा. त्याचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं राहावं लागतं. ४, ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये, म्हणजे मीटर जुळवायच्या ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, शेवटचं कधी लावलं होतं, असं विचारलं. “कंपनीतून सेट होऊनच येतं.” आमच्याकडे सकाळची पाळी त्या बफरशिवाय सुरूच होत नसे.

‘शरीर अ‍ॅसिडिक झालंय’ हेही त्यांनी दोनदा सांगितलं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. खाण्याने हलतो तो लघवीचा.

काकूंना मात्र हे आकडे पटेनात. मग सोमवारी त्यांच्याच ओट्यावर हळद कालवली, आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानाच्या पट्ट्या तिच्यात बुडवून वाळवल्या. एकीवर कपड्याच्या साबणाचं पाणी सोडलं, तशी पट्टी लालभडक झाली. “अहो, हे तर कुंकू!” काकू म्हणाल्या. लहानपणी त्यांच्या घरी हळदीला चुना लावून कुंकू करत, ते त्यांना आठवलं. त्याच लाल डागावर ताक सोडलं, लाल गेलं आणि हळद परत आली. काकू बराच वेळ पट्टीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे भाऊ, ताक आंबट आहे हे खरंच की.” मी म्हटलं, “खरंच आहे. ७४ वर्षं पिताय, रक्त आंबलं का कधी?”

आपल्याकडे एकच मागणं. मागच्या महिन्यात आपल्या पुरवणीत याच पाण्यावर अर्धं पान होतं, लेखासारखंच मांडलेलं. ‘जाहिरात’ हा शब्द खाली कोपऱ्यात होता, तो मला भिंगातून वाचावा लागला. तेवढा टाइप वाढवा.

काकूंचं ताक बुधवारपासून सुरू झालंय, लिंबाचं अजून बघू म्हणतात. यंत्र आमच्या विंगमध्ये दोन घरांत लागलंय, बारा हप्त्यांवर.

आपला,
एक निवृत्त ईटीपी ऑपरेटर, कोपरखैरणे, नवी मुंबई