बंदीच्या बाजूने, आईकडून

प्रिय मनू,

त्या रात्री ताटावरून उठलीस आणि सकाळी न बोलता होस्टेलला गेलीस, म्हणून हे पत्र. फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. ‘पॉर्नवर सरकारी बंदी नको’ ही बाजू वादविवादाला घेतलीस याचा मला राग नव्हता. पण भाषण नाव-फोटोसकट सगळीकडे टाकणार म्हणालीस, तिथे माझा आवाज चढला. असो, फोटोचं आज काढत नाही. मुद्द्याचं लिहिते.

तुझं टिपण टेबलावर राहिलं होतं, ते वाचलं. ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारने ८५७ साइट बंद केल्या आणि ओरड होताच काही दिवसांत माघार घेतली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा आठशेच्या वर बंद केल्या, तरी बघणारे बघतातच. ब्रिटनने जुलै २०२५ पासून वयाचा पुरावा मागितला, तर लोकांनी धडाधड आपलं ठिकाण लपवणारे व्हीपीएन घेतले. सगळं मान्य. पण चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचा कायदा रद्द करा, असं कुणी म्हणतं का? (हे तू खोडून काढशील, माहीत आहे.)

सोनू तेरा वर्षांचा आहे. मी खोलीत गेले की मोबाइल पालथा घालतो. क्रिकेटही असेल. पण बाईचा गळा दाबायचा आणि तिला ते आवडतं, हा त्याचा पहिला धडा असला तर? तू म्हणतेस, त्याच्याशी बोला. कोण बोलणार, बाबा? तू सातवीत असताना बातम्या चालू होत्या आणि ‘बलात्कार म्हणजे काय’ असं सगळ्यांदेखत विचारलंस, तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. मी तुला आत नेऊन अर्धंमुर्धं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “मग शिक्षा त्याला होते ना, तिला नाही ना?” आजीला त्याच दिवशी म्हटलं होतं मी, ही कोर्टात उभी राहणार.

आणि अभ्यासाच्या वयात हे विषय, चारचौघांत बोलताना जरा भान... बघ, लागले भाषण द्यायला. ते तुझं काम. रागावू नकोस.

खरं सांगू? राजीखुशीने केलेलं आणि चोरून टाकलेलं यांत फरक करा, सरसकट बंदीच्या आरडाओरड्यात जिचं चोरलं ती बाई कुणालाच दिसत नाही, हा तुझा परिच्छेद मला खोडता येईना. डिसेंबर २०२० चं उदाहरणही चोख आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डने व्यवहार थांबवले आणि पॉर्नहब या साइटने त्याच महिन्यात ओळख न पटवलेल्यांचे लाखो व्हिडिओ उतरवले. पैसा अडला की सगळं जमतं. मग सरकारने तो आधीच का अडवू नये, हे मात्र तू लिहिलेलं नाहीस. परीक्षक विचारतील.

आता तर मूळ व्हिडिओही लागत नाही गं. कुणाच्या तरी लग्नातला हसरा फोटो पुरतो, चेहरा उचलून कुठेही चिकटवतात. पिंकीचं काय झालं ते तू पाहिलंस. सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार आल्यापासून २४ तासांत काढून टाका असं होतं, पण तेवढ्या वेळात तिचा तसा बनवलेला फोटो नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून आला होता. आणि तक्रार घेणाऱ्याने तिलाच विचारलं, फोटो टाकलास कशाला? त्या रात्री जाता जाता तू म्हणालीस, “आई, तूही तेच विचारतेयस.” त्यावर मला उत्तर सुचलेलं नाही. मी माझा स्वतःचा डीपी काढून तिथे जास्वंद लावली आहे, बाबा हसतात.

तू बोल. जोरात बोल. नाव लाव. फोटो पाठमोरा चालत नाही का?

स्पर्धा झाली की भाषण आधी मला पाठव. बाबांनी मागितलं तर नंतर बघू. आणि बंदी हवीच, हे माझं मत अजून तसंच आहे, तेवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आई